खडा सापडल्यानंतर

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, एमबीबीएसनंतरच्या प्रवेशांचा हंगाम सुरू झाला असून त्या निमित्ताने अल रीम आयलंडवरच्या आमच्या टॉवरमध्ये माझा भाव पुन्हा एकदा वधारला आहे. एरवी जे लोक मला लिफ्टमध्ये पाहून बायकोच्या कानात ‘ते एक्स-रेवाले’ असं पुटपुटतात, तेच आता डबा घेऊन माझ्या दारात उभे राहतील. डब्यात अळूवडी असेल. अळूवडीच्या मागे एखादा पुतण्या किंवा भाची असेल, नुकतीच परीक्षा पार केलेली, बरा रँक मिळालेली. मग सोफ्यावर टेकून, समुद्राचं आणि एसीचं कौतुक करून प्रश्न येईल तो ठरलेला. रेडिओलॉजी कशी काय, डॉक्टर?

अळूवडी मी ठेवून घेतो. तत्त्वांशी तडजोड करायची नाही असं मी ठरवलंय, पण अळूवडी तत्त्वात बसत नाही.

इथे अबू धाबीत ऋतू दोनच. बाहेर बसता येतं तो एक आणि बाहेर बसता येत नाही तो दुसरा. माझा हंगाम नेमका दुसऱ्यात येतो. रस्त्याच्या कडेच्या खजुरांना जाळीच्या पिशव्या बांधलेल्या असतात आणि आत घोस पिकत असतात. बाल्कनीची काच बाहेरून घामेजते. बायका-मुलं पुण्या-मुंबईला गेलेली असतात आणि मागे राहिलेले नवरे एकमेकांच्या घरी जाऊन एकमेकांचा वरणभात नावाजतात. आमची मेघनाही पुण्याला. हॉस्पिटलमधून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर असं धुकं साचतं की क्षणभर जग नाहीसं होतं. दिवसभर लोकांच्या पोटातलं बघणारा मी, समोरची टॅक्सी मला दिसत नाही.

दिवसभर मी असतो ती खोली थंड, अंधारी, खिडकी नसलेली. पडद्यांचा राखाडी उजेड, शिळ्या कॉफीचा वास, खुर्चीची एक कुरकुर जी मी मुद्दाम दुरुस्त करून घेतलेली नाही, कारण खोलीत दुसरं कुणी बोलत नाही. या खोलीत मी माणसांना आतून ओळखतो. मॉलमध्ये कुणी हसून हात केला तर मी गोंधळतो. चेहरा माझ्या ओळखीचा नसतोच. त्याच माणसाचा कमरेचा मणका दाखवा, मी घरच्यांची चौकशी करीन.

डबेवाल्या मंडळींना मात्र हे ऐकायचं नसतं. त्यांना माझं भाषण हवं असतं. हे भाषण मी गणपतीच्या जेवणांत, कोजागिरीला, कुणाच्या गृहप्रवेशात, मागणीनुसार आणि मागणीशिवाय, अनेक वर्षं करत आलो आहे. रेडिओलॉजी म्हणजे वैद्यकातला बिझनेस क्लास, असं मी सुरू करतो. पेशंट अंगावर ओकत नाही, कारण पेशंट समोरच नसतो. नातेवाईक कॉलर धरत नाहीत, कारण कॉलर कुठल्या खोलीत आहे हे त्यांना ठाऊक नसतं. सर्जन उभा, मी बसलेला. फिजिशियन धावतो, मी खुर्ची फिरवतो. इथे मी खुर्ची फिरवल्याचा अभिनय करतो आणि हशा येतो. मग कुणीतरी पगार दिरहमात विचारतो, मनात रुपये करतो आणि सुस्कारा सोडतो. सुस्काऱ्याचा आवाज एका विशिष्ट पट्टीत असतो. मी तो ओळखतो आणि नम्रपणे खाली बघतो.

या श्रोत्यांविषयी माझं मत फार वाईट आहे आणि ते मी आनंदाने बाळगतो. पोरीचं आयुष्य ठरवायला निघालेली ही माणसं फ्रिज घेताना जास्त प्रश्न विचारतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर कसला, हे त्यांना हवं असतं. डॉक्टरकी कसली, हे नको असतं. सुट्ट्या किती? नाइट ड्युटी असते का? लग्नाच्या बाजारात कसं काय? आणि गेली काही वर्षं एक नवा प्राणी आढळतो, आयटीतला. तो आरतीनंतर मोदक हातात धरून माझ्याजवळ येतो आणि एआयमुळे आता तुमची किती वर्षं राहिली असं हळुवारपणे विचारतो, जणू माझाच रिपोर्ट त्याच्या हाती आलाय. मी त्याला सांगतो की तुझी गेली की माझी जातील. तो मोदक खातो.

माझे व्यवसायबंधूही काही कमी नाहीत. पेशंट बघणारा डॉक्टर माझ्याकडे स्कॅनसाठी कागद पाठवतो, त्यावर पेशंटच्या तक्रारीसाठी मोठी जागा असते. तिथे तो लिहितो: ‘पेन’. कुठे, कधीपासून, कशामुळे, काही नाही. मला फोन करून सांगणं तर दूरच. जगातलं सगळं दुःख एका शब्दात मावलं आणि तो जेवायला गेला. मग आमची जमात त्याचा सूड उगवते. आम्ही दीड पानाचा रिपोर्ट लिहितो आणि शेवटी पुस्ती जोडतो, की हे असूही शकेल, नसूही शकेल, कृपया पेशंट तपासून पडताळा करावा. म्हणजे त्याने विचारलं काहीच नाही आणि आम्ही सांगितलं काहीच नाही. दोघांचीही सही झोकदार.

तर असाच एक हंगाम माझ्या लक्षात राहिलाय, आणि जाळीच्या पिशव्या बांधल्या गेल्या की तो परत येतो.

आमच्याच टॉवरमध्ये वर निमकर राहतात. अविनाश निमकर, मूळचे पुण्याचे, इथे पूल बांधणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सुजाता वहिनी त्यांच्या पत्नी. त्या वर्षी वहिनी भारतात गेल्या नाहीत, कारण त्यांची मुलगी ईरा तिकडून एमबीबीएस करून इकडे आली होती. परीक्षा झाली होती, रँक असा उत्तम की रेडिओलॉजी घ्या नाहीतर मेडिसिन, दोन्ही हातात. पसंतीक्रम ऑनलाइन भरायचा, पुढच्या शनिवारी लॉक करायचा. एकदा लॉक केला की तीन वर्षं तेच शिकायचं आणि मग जन्मभर तेच करायचं.

त्यांच्याकडे जेवायला गेलो. निमकरांनी मला बाल्कनीत घेतलं आणि घाम पुसत म्हणाले की पोरगी रेडिओलॉजीला तयार आहे, फक्त तिला जरा पक्कं करा. वहिनींनी मला स्वयंपाकघरात घेतलं. पोळी लाटताना त्यांनी आवाज खाली आणला. त्यांचं म्हणणं, मुली बाहुलीला इंजेक्शन देतात, आमची बाहुलीशी तासन्‌तास बोलत बसायची, तुला काय होतंय, कधीपासून होतंय. हिला अंधाऱ्या खोलीत कोंडू नका. मग एकदम भान येऊन त्या म्हणाल्या, “तुमच्याबद्दल नाही हं भाऊजी. तुम्हाला शोभतं ते.”

शोभतं. मी पोळी घेतली.

मग बाहेर येऊन ईराला विचारलं, तुला का हवी रेडिओलॉजी? ती सोफ्यावर पाय दुमडून बसली होती. माझ्याकडे बघून हसली आणि घडाघडा बोलू लागली. पेशंट समोर नसतो. नातेवाईक कॉलर धरत नाहीत. सर्जन उभा, आपण बसलेले. “इट्स बेसिकली बिझनेस क्लास, काका.”

माझंच भाषण. लहानपणापासून गणपतीच्या जेवणांत ऐकलेलं, शब्दन्‌शब्द पाठ. फक्त तिने खुर्ची फिरवली नाही आणि कुणी हसलं नाही. आपला विनोद दुसऱ्याच्या तोंडून, विनोद वजा होऊन ऐकू येतो, तेव्हा कसं वाटतं हे ज्यांनी अनुभवलं नाही ते सुखी. मला त्या पोरीचा राग आला. एवढा रँक आणि एवढ्यासाठी? मग लक्षात आलं की हे ‘एवढं’ बाजारात कुणी मांडलं होतं. मी तात्काळ विषय बदलला आणि तिला म्हटलं, लॉक करायच्या आधी आठवडाभर माझ्या खोलीत येऊन बस. निमकर खूश झाले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं ते ताटात माशी पडल्यासारखं.

ईरा आली. गळ्यात पाहुण्याचं कार्ड, अंगावर शाल, कारण माझ्या खोलीत मशीनला सुख मिळावं म्हणून माणसांना थंडी वाजते. हुशार पोरगी. गाठ दाखवली की ओळखायची, फ्रॅक्चर माझ्या आधी बोट ठेवून दाखवायची. आणि नंतर दर वेळी तोच प्रश्न. “हा माणूस आता कुठे आहे, काका?”

मला काय माहीत? मला कधीच माहीत नसतं. मी पुढचा स्कॅन उघडायचो. ती पुन्हा विचारायची. ही बाई एकटी आली असेल का? हिला कुणी सांगितलं असेल? मी म्हटलं, ईरा, ही खोली आहे, चौकशीची खिडकी नाही. पुढच्या स्कॅनला पुन्हा तेच.

खरं सांगायचं तर इतकी वर्षं कुणी विचारलं की पश्चात्ताप होतो का, तर मी छाती पुढे काढून नाही म्हणत आलोय. आणि समाधान आहेच. राखाडीच्या समुद्रात एक किंचित वेगळा राखाडी ठिपका दिसतो, मान आपोआप पुढे जाते, आजूबाजूचं सगळं थांबतं. त्या क्षणासारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही, संसारातही नाही, आणि मेघना हे वाचणार आहे हे ठाऊक असून लिहितोय. पण त्या क्षणाच्या पुढचं काही माझ्या वाट्याला येत नाही. मी रोज शेकडो गोष्टींचं फक्त मधलं पान वाचतो. सुरुवात दुसऱ्याने ऐकलेली असते, शेवट तिसरा बघणार असतो. हे भाषणात मी घालत नाही. हशा येत नाही त्यावर.

आठवडा संपत आला होता. सकाळची गर्दी. इमर्जन्सीतून सुर्वे नावाच्या एका माणसाचा पोटाचा स्कॅन आला. कागदावर अर्थातच, पेन. ईरा खुर्ची ओढून पुढे बसली आणि माऊस माझ्याकडून घेतला. उजव्या मूत्रनळीत खडा, शुभ्र, ठसठशीत, चणाडाळीएवढा. तिने बोट ठेवलं. शाबास म्हटलं. ती मागे टेकली, शाल सावरली.

मी म्हटलं, पुढे बघ.

“स्टोन मिळाला ना, काका.”

आता आमच्या धंद्यातली एक चूक सांगतो, जी फक्त आमच्या धंद्यातलेच करू शकतात. शोधताना एक गोष्ट सापडली की डोळे सुट्टीवर जातात. उघडे असतात, पडद्यावर असतात, पण त्यांचं समाधान झालेलं असतं. ठळक खडा दिसला की बाजूची फिकट गाठ दिसेनाशी होते. बाकीच्या डॉक्टरांना न सापडण्याची भीती असते. आम्हाला सापडण्याची असते. म्हणून खडा सापडल्यावर खरं बघायला सुरुवात करायची, हे मी शिकलोय आणि शिकवतो. डबेवाल्या मंडळींनाही हेच झालेलं असतं. सुट्टी दिसली, पगार दिसला, झालं. पुढची चित्रं कुणी उघडतच नाही.

तर मी म्हटलं, चित्रं वर सरकव, अगदी कडेपर्यंत. पोटाच्या स्कॅनमध्ये वरच्या टोकाला फुप्फुसाचा तळ ओझरता येतो, बोलावलं नसताना आलेल्या पाहुण्यासारखा. तिथे, डावीकडे, एक ठिपका होता. छोटा, कडेला काटेरी. मला असले ठिपके आवडत नाहीत.

इमर्जन्सीला फोन केला. तिथला डॉक्टर हैदराबादचा, गोड बोलणारा. त्याने स्कॅन स्वतः उघडून बघितला होता, खडा त्यालाही दिसला होता. माझ्या रिपोर्टसाठी थांबायची गरज त्याला वाटली नव्हती. “सर, स्टोन तो दिख गया ना? गोली दे के भेज दिया. खलास.” पेशंट औषधं घेऊन निघाला असेल, कंपनीची बस खाली येते. कागदावरच्या नंबरावर मी फोन लावला तर पलीकडे कामगारांच्या कॅम्पच्या ऑफिसातला माणूस, तो म्हणाला सांगतो, इन्शाल्ला.

या ‘सांगतो’वर मी त्या ठिपक्याला सोडायला तयार नव्हतो. आणि मंडळी, मी धावलो. बिझनेस क्लासमधला प्रवासी चपला फटफटवत कॉरिडॉरमधून धावला. मागे शाल घेतलेली ईरा. रिसेप्शनवरच्या मुलींनी मला याआधी कधी पाहिलंच नव्हतं, त्यांनी सिक्युरिटीकडे बघितलं. काचेचं दार उघडलं, बाहेरची वाफ अंगावर आली आणि चष्मा पांढरा झाला.

समोर बस उभी होती, म्हणजे आवाज बसचा होता. कामगारांच्या निळ्या डांगऱ्यांचा एक मोठा ढग तिच्याकडे सरकत होता. मी “सुर्वे! सुर्वे!” असं ओरडत एकाचा हात धरला. तो पठाण निघाला. दुसऱ्याचा धरला, तो घाबरून बसमध्ये चढला. चष्मा काढला तर त्याहूनही कमी दिसू लागलं. सुर्व्यांचं मूत्रपिंड मी हजारांत ओळखलं असतं. पण इथे सगळ्यांनी ते आत ठेवलेलं होतं.

ईरा माझ्या बाजूने गेली. ती ओरडली नाही. बसच्या पुढे एका खांबाला टेकून एक माणूस उभा होता, उजवा हात कमरेवर रुतवून, एक पाय जमिनीवर धड टेकत नव्हता. ती सरळ त्याच्यापाशी गेली आणि मराठीत विचारलं, सुर्वे ना तुम्ही? खूप दुखतंय का? कधीपासून?

तो चिपळूणकडचा, मुसफ्फाहच्या कारखान्यांच्या वस्तीत क्रेनच्या गॅरेजात कामाला. आधी घाबरला, कारण हॉस्पिटलमधून माणूस मागे धावत आला की त्याला एकच अर्थ ठाऊक होता, बिलात काहीतरी राहिलं. तिने त्याला सावलीत बसवलं. ठिपका, छातीचा पूर्ण स्कॅन, आजच का, हे सगळं तिने त्याला सांगितलं. मी शेजारी उभा राहून चष्मा पुसत होतो. मी सांगितलं असतं तर ते दीड पान झालं असतं आणि शेवटी पुस्ती. त्याने तिला विचारलं, गावाला कळवू का? ती म्हणाली, आधी आपण नीट बघू, मग मी सांगते कधी कळवायचं. आपण, म्हणाली. बस त्याला न घेता गेली.

पुढचं सांगून टाकतो. ठिपका खराबच होता, पण लहान होता. वेळेत काढला. सुर्वे आज ठणठणीत आहे. खजुराचा एक भला मोठा डबा घेऊन तो हॉस्पिटलात आला होता, असं ऐकतो. डबा सर्जनला दिला. सर्जनने त्यातला एकही खजूर खालच्या मजल्यावर पाठवला नाही. मी लक्षात ठेवलंय.

शनिवारी निमकरांकडे जेवण होतं. मसालेभात, मठ्ठा, पापड, आणि पापडाच्या ताटाला खेटून निमकरांचा लॅपटॉप, पसंतीक्रमाचं पान उघडून. धावण्याची गोष्ट ईराने आधीच सांगितली होती आणि निमकरांना तिची चिंता लागली होती. त्यांनी मला बाजूला घेऊन हलकेच विचारलं, हे असं धावणं रोजचं नसतं ना? मी सांगितलं की माझ्या आख्ख्या कारकिर्दीतलं हे पहिलंच. त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणाले, मग हरकत नाही.

त्यांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीत रेडिओलॉजी आधीच भरून ठेवली होती. बोट बटणावर ठेवून त्यांनी मुलीकडे बघितलं, औपचारिकता म्हणून.

“मेडिसिन फर्स्ट, बाबा,” ईरा म्हणाली आणि पापड मोडला.

वहिनींच्या हातातली पळी मठ्ठ्यातच थांबली. निमकरांनी आधी मुलीकडे, मग माझ्याकडे बघितलं. पुलासाठी मागवलेलं सिमेंट ओलं निघाल्यावर पुरवठादाराकडे ते असंच बघत असणार. मग त्यांनी मोजायला घेतलं. रात्रपाळ्या. ओकाऱ्या. धरली जाणारी कॉलर. माझं भाषण, उलट्या क्रमाने. चांगली हातात आलेली सीट, लोक जिच्यासाठी वर्षानुवर्षं परीक्षा देतात. मी मान हलवत होतो, कारण सगळं खरं होतं. आणि मनातून, काय लपवायचं, मला लागलं होतं. आठवडाभर मी माझ्या धंद्यातलं उत्तमातलं उत्तम या पोरीपुढे मांडलं, तो ठिपका दाखवला, आणि ती उठून चालली. मी चेहऱ्यावर पराभूत राजाचे भाव आणायला सुरुवात केली होती. मला ते बरे जमतात.

निमकरांचा आवाज चढला. एवढा आठवडा काकांच्या खोलीत गारठत बसलीस, शिकलीस तरी काय तिथे?

ईराच्या तोंडात मोठा घास होता. तो गिळायचीही वाट न बघता ती बोलून गेली,

“बाबा, मला काका नाही व्हायचंय, मला काकांना फोन करणारी डॉक्टर व्हायचंय, आय मीन, कुणीतरी करायला नको का?”